कर्तव्य कोणाचे?



स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची घरी सेवा करणाऱ्यांना "हे सारे तुम्हांला कसे जमते?" असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : "त्यात काय? माझे कर्तव्यच आहे ते." घरातील इतरही तोच शब्द वापरतात. फक्त 'माझे'च्या जागी 'तिचे' येते. एकाच्या तोंडी तो मायेचा असतो, दुसऱ्याच्या तोंडी अंग काढून घेण्याचा.

हा आजार, डॉक्टरांच्या भाषेत डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणाचा साधा विसराळूपणा नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे. त्यांतील बहुतेकांची सेवा घरीच होते. आणि घरी म्हणजे बहुतेक वेळा पत्नी, मुलगी किंवा सून करते. (आजारी पत्नीची वेणी घालायला शिकलेले पतीही आहेत, त्यांना विसरून चालणार नाही.)

रात्री दोन वाजता सासूबाई उठतात, गाठोडे बांधतात आणि म्हणतात, "मला घरी जायचंय." घर म्हणजे माहेर, जिथे आता ओळखीचे कोणीच उरलेले नाही. सकाळी बांगड्या सापडत नाहीत आणि चोरीचा आळ येतो तो नेमका सुनेवर. हा आजार बोलतो आहे, सासूबाई नव्हेत, हे तिला कळते. तरी शब्द लागायचा तो लागतोच. आणि दुपारी पाहुणे आले, की त्याच सासूबाई अर्धा तास छान बोलतात. पाहुणे जाताना म्हणतात, "अगं, यांना तर काहीच झालेलं नाही!" अमेरिकेत नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांनी १९८१ साली अशा कुटुंबांसाठी एक पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'छत्तीस तासांचा दिवस' असे आहे.

आता प्रश्न असा, की हे कर्तव्य मुळात सांगितले आहे कोणाला? चौथी आज्ञा लेकरांना उद्देशून आहे, सगळ्या लेकरांना. जुन्या करारातील बेनसिरा तर तिसऱ्या अध्यायात स्पष्टच सांगतो, की पित्याची बुद्धी मंद झाली तरी पुत्राने त्याला समजून घ्यावे. तिथेही तो पुत्राशीच बोलतो. आईवडिलांच्या निर्वाहासाठी सरकारने २००७ साली केलेल्या कायद्यात 'अपत्ये' म्हणून मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांचा उल्लेख आहे. सुनेचे नाव तिथेही नाही. आज्ञेत नाही, कायद्यात नाही. पण सासूबाईंच्या उशाशी मात्र तीच असते.

"रूथ नाही का राहिली नामीजवळ?" असे कोणी म्हणेल. रूथ राहिली हे खरे. पण नामीने दोन्ही सुनांना परत जायला सांगितले होते. अर्पा रडली आणि गेली. शास्त्राने तिला एका शब्दानेही बोल लावलेला नाही. रूथला जाण्याची वाट मोकळी होती, म्हणूनच तिच्या राहण्याचे मोल. आपल्या घरांत रूथची गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात, पण सुनेला कोणी विचारले होते का? जिला कधी विचारलेच नाही, तिच्या होकाराला आपण प्रेम म्हणावे की निरुपाय?

माझ्या मते ती बरेचदा दोन्ही मनांत घेऊन वावरते. सकाळी प्रेमाने भरवते, संध्याकाळी ओरडते आणि रात्री ओरडल्याचे मनाला लावून घेते. "देव मला क्षमा करील ना?" असे ती विचारते. दोन महिने न फिरकलेल्या दिराला मात्र हा प्रश्न पडलेला ऐकिवात नाही. थकलेल्या माणसाचा राग आणि कधी थकलेच नाही त्याची शांती, यांत अधिक दोष कशात आहे हे प्रत्येक घराने आपले आपण तपासावे.

वाटून घेण्याच्या वाटा अनेक आहेत. आखातात नोकरीला असलेल्या मुलाने रात्रीच्या बाईचा पगार द्यावा. लग्न होऊन गेलेल्या मुलीने महिन्यातून चार दिवस येऊन राहावे, पण पाहुणी म्हणून नव्हे. रविवारी सकाळी एखादा दीर दोन तास आईजवळ बसला, तर वहिनीला मिस्साला येता येईल. ती शेवटची कधी आली होती, हे तिच्या बाकावर बसणाऱ्यांना ठाऊक असेल.