पंखा बंद करून दिलेली मुलाखत

मे महिन्यात रायपुरात भर दुपारी पंखा बंद करून बसणं ही शिक्षाच आहे. भाच्याने ती आपणहून घेतली, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये जाते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. जेवणाच्या टेबलावर जाडजूड शब्दकोश, त्यावर ज्ञानेश्वरी, तिला टेकवलेला मोबाइल. मागच्या कपाटावर चादर. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट. कुकर लावायचा नाही आणि बेल वाजली तरी दार उघडायचं नाही, असा ताईचा फतवा. पुण्याच्या एका कंपनीतले दोघे पडद्यावर आले आणि वीस मिनिटांत गेले. चार दिवसांनी ओळखीतून कळलं, मुलगा बरा आहे, पण उत्तराला वेळ लावतो आणि जरा नर्व्हस वाटला.

वाटणारच. कपाळावरून धारा लागल्या होत्या. एसीत बसलेल्या माणसाला उन्हाचा घाम कुठला आणि भीतीचा कुठला, हे सहा इंची चौकटीतून कसं कळावं?

‘वेळ लावतो’ हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. मध्ये नेटवर्क आलं की त्यात भर पडते. जर्मनीतल्या संशोधकांनी 2014 मध्ये फोनवरच्या संभाषणात मुद्दाम सव्वा सेकंदाच्या आसपास उशीर घालून पाहिलं. ऐकणाऱ्यांना समोरचा माणूसच कमी आपुलकीचा आणि कमी लक्ष देणारा वाटला. दोष तारेचा, शिक्का माणसावर. शिवाय आमच्या पोराची तऱ्हा वेगळीच. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, कॉलेजात हिंदी आणि मुलाखत इंग्रजीत. त्याच्या एका सेकंदाच्या गप्प बसण्यात तीन भाषा ओलांडणं चाललेलं असतं. पडद्यावर ते ‘हँग’ झाल्यासारखं दिसतं.

तर व्हिडिओ मुलाखतीविरुद्ध एक खरमरीत लेख लिहायचा, असं ठरवून बसलो होतो. उजेड तोंडावर असावा, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत असावा, लिंक आधी तपासावी, हे सगळं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यात मला रस नाही. आझाद हिंद एक्स्प्रेसचं तिकीट काढून पुण्याला जायचं, कुणाच्या तरी चुलत मावशीकडे उतरायचं आणि नकार घेऊन परतायचं, हे वाचलं, तेही मान्य. कांदेपोह्यांची उपमा मी देणार नाही. ती सगळेच देतात.

घोटाळा केला आमच्या सेठजींनी. रायपूरजवळच्या सिलतऱ्यात त्यांची रोलिंग मिल आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यातून दोन दिवस त्यांचे हिशेब बघतो. भाच्याची गोष्ट ऐकून ते खूश झाले. म्हणाले, “इसीलिए कहता हूँ, आदमी सामने बैठे, तब समझ में आता है.” माणूस दारातून कसा येतो, चप्पल कुठे काढतो, पाण्याचा ग्लास रिकामा करून कुठे ठेवतो, यावरून त्यांना पाच मिनिटांत सगळं कळतं म्हणे. मी मान डोलावली. घरी येताना मात्र वाटलं, या माणसाने ठेवलेले गेल्या दोन वर्षांतले तीन स्टोअरकीपर पळाले. त्यांतला एक बेअरिंगच्या पेट्यांसकट. चप्पल त्याने अगदी व्यवस्थित काढली होती.

मराठीत दोन शब्द आहेत, ओळख आणि पारख. आपण ते एकाच पिशवीत कोंबतो. ओळख माणसाशी होते. गाव कुठलं, आडनाव कुणातलं, हसतो कसा, आपल्यातला वाटतो का. पारख मालाची होते. सदर बाजारातला सराफ सोनं कसोटीवर घासतो आणि रेघ बघतो. सोन्याला तो ‘तुमच्याविषयी थोडं सांगा’ असं म्हणत नाही. सेठजी ज्याला समजणं म्हणतात, ती सगळी ओळख आहे. पारख म्हणून ते ती खपवतात, आणि बेअरिंग जातात.

हे माझंच डोकं नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. गप्पांच्या अंगाने जाणारी मुलाखत पुढच्या कामाचा अंदाज द्यायला कमी पडते. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून गुण देणारी मुलाखत, किंवा कामाचाच नमुना करून घेणं, अधिक भरवशाचं, असं त्यांना आढळलं. केंद्र सरकारने तर 1 जानेवारी 2016 पासून खालच्या श्रेणीच्या नोकऱ्यांतून मुलाखतच काढून टाकली. कारण उघड होतं, ओळखीचा धंदा तिथेच चालायचा. आणि यंत्रही काही देव नाही. हायरव्ह्यू नावाची अमेरिकी कंपनी उमेदवाराच्या चेहऱ्यावरचे भाव संगणकाकडून मोजून घेई. टीका झाली आणि 2021 च्या सुरुवातीला तिने ते सोडल्याचं जाहीर केलं. सेठजींचं चप्पलशास्त्रच ते, फक्त महागडं.

इथे थोडं वाकड्या वाटेने जातो. रायपुरातल्या आमच्या तात्यापाऱ्यात माधवराव सप्रे राहत. मराठी घरातला हा माणूस 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढतो आणि हिंदीच्या सुरुवातीच्या कथांत गणली जाणारी ‘एक टोकरी भर मिट्टी’ त्यात लिहितो. त्या मासिकाचं टपाल मला नेहमी डोळ्यांसमोर येतं. त्या काळच्या पेंड्र्यात बसलेल्या संपादकापुढे कागद येत असणार, चेहरे नव्हेत. घाम पुसत लिहिलं की पंख्याखाली, एका बैठकीत की दहा खाडाखोडी करून, त्याला काय कळणार आणि कशाला कळावं? मजकूर बरा की वाईट, एवढंच. संपादक बिचारा नाइलाजाने पारखी होतो.

हे सेठजींना ऐकवलं. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि विचारलं, “आपको बँक में कैसे लिया था?”

नागपूरला, तीन जणांची समिती होती. मधल्या गृहस्थांनी अर्जावरचं आडनाव वाचलं आणि विचारलं, “म्हणजे तुम्ही तात्यापाऱ्यातले का?” पुढची दहा मिनिटं आजोबांच्या तालमीवर बोलणं झालं. व्याजाचं एक गणित विचारलं, तेही त्यांनीच सोडवलं. चौतीस वर्षं मी ती नोकरी केली, आणि आपली निवड गुणांवर झाली असंच समजत आलो.

मग पडद्यावर राग कशाचा? भाच्याला नाकारलं ते पडद्याने नव्हे. पडदा मध्ये आल्यामुळे ओळख जमली नाही, आणि पारख करायची कुणालाच सुचली नाही. ‘स्वतःविषयी सांगा’ यात सात मिनिटं गेली होती. ज्या सॉफ्टवेअर टेस्टिंगसाठी त्याला बोलावलं, त्यातली एकही चूक त्याच्याकडून शोधून घेतली नाही. खरं तर या कामाला पडद्यासारखी सोय नाही, फक्त कॅमेरा माणसावरून काढून कामावर धरायला हवा. ओळख काय, रुजू झाल्यावर डबा उघडला की होतेच.

गेल्या शनिवारी नव्या स्टोअरकीपरसाठी सेठजींकडून हे करवून घेतलं. जगदलपूरचा एक उमेदवार, मोबाइलवर. आमच्याच जुन्या स्टॉक रजिस्टरचं एक पान त्याला आदल्या दिवशी पाठवलं होतं, छापून समोर ठेव म्हणून. त्याला सांगितलं, चेहरा राहू दे, कॅमेरा पानावर धर आणि काय खटकतं ते सांग. पडद्यावर नुसतं एक बोट उरलं, नखाला ग्रीस लागलेलं. ते रकान्यावरून खाली सरकलं, एका ओळीवर थांबलं, वर गेलं, पुन्हा खाली आलं. आवाज नाही. सेठजी “हॅलो, हॅलो” म्हणायला वाकले, तसा मी त्यांचा हात धरला. पाच सेकंद, कदाचित सहा. मग आवाज आला, “सर, ये चालान दो बार चढ़ गया है.”

फोन ठेवल्यावर सेठजी बराच वेळ त्या ओळीकडे बघत होते. मग मला म्हणाले, “लड़का किसका है?”

मला माहीत नव्हतं. पण फोन बंद होण्याआधी तो प्रश्न माझ्याही जिभेवर आला होता.