खाऱ्या पाण्याचा नळ

लहानपणी आमच्या गल्लीत पाणी सोडायला चावीवाले काका येत. खांद्यावर माणूसभर उंचीची लोखंडी चावी. रस्त्यातलं झाकण उचलून ते ती आत घालत, अंग झोकून फिरवत, आणि थोड्या वेळाने घरातल्या नळातून आधी हवेचा फुसकारा येई, मग तांबूस पाणी, मग नितळ. आई आतून विचारी, "आलं का?" आणि आम्ही ओरडून सांगायचो, "आलं!" काकांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पण एखाद्या दिवशी ते आले नाहीत, तर सगळी गल्ली त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसायची.

गेली काही वर्षं मी एका दूरच्या शहराच्या बातम्या मिळतील तशा वाचते आहे. तिथल्या चावीवाल्यांसमोर २०२२ च्या वसंतात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो माझ्या मनातून जात नाही.

शहराचं नाव मिकोलाइव. युक्रेनच्या दक्षिणेला, इंगूल आणि दक्षिण बूग या नद्यांच्या संगमावर ते वसलं आहे. पुढे बूगचं मुख खाडीसारखं रुंद होत काळ्या समुद्राकडे जातं. १७८९ मध्ये जहाजं बांधण्यासाठीच हे शहर वसवलं गेलं. युद्धापूर्वी तिथली वस्ती पावणेपाच लाखांच्या आसपास होती. नाव आपल्याला परकं वाटतं, पण आपला या शहराशी जुना संबंध आहे. आज आपल्या नौदलात असलेली 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका मुळात इथल्या गोदीत बांधली गेली. आपल्या माझगाव गोदीत बांधलेल्या 'आयएनएस मुंबई'ची गॅस टर्बाइनंही इथल्याच कारखान्याची.

नद्यांच्या मिठीत असूनही या शहराला पिण्याचं पाणी लांबून आणावं लागे. बूगच्या रुंद मुखात समुद्राचं पाणी शिरतं, त्यामुळे ते मचूळ होतं. कोकणात खाडीकाठी विहीर असलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. म्हणून शहराची तहान भागवायला मोठी जलवाहिनी होती. शेजारच्या खेरसोन प्रांतातून द्नीपर नदीचं गोडं पाणी ती आणायची.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने आक्रमण केलं. ओडेसाच्या वाटेवर मिकोलाइव आडवं उभं होतं. मार्चमध्ये फौजा वेशीपर्यंत आल्या आणि तिथे रोखल्या गेल्या. मग तोफा आणि क्षेपणास्त्रं सुरू झाली. २९ मार्चच्या सकाळी प्रांताच्या प्रशासकीय इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं. इमारतीच्या मधोमध खिंडार पडलं आणि तीसहून अधिक माणसं गेली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती जलवाहिनी फुटली. फुटली तीही लढाई चाललेल्या पट्ट्यात, जिथे दुरुस्तीची गाडी नेणं शक्य नव्हतं. सगळ्या शहराचे नळ कोरडे पडले.

पाणी गेलं म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा तहान आठवते. पण पिण्याचं पाणी टँकरने आणता येतं, बाटल्यांत भरून वाटता येतं. माणशी तीन-चार लिटर मिळालं तर जीव तगतो, आणि तेवढं पाणी स्वयंसेवकांनी, शेजारच्या गावांनी, परदेशी संस्थांनी आणून दिलंही. शहराची खरी गरज त्याहून फार मोठी असते. नऊ मजली इमारतीत शेकडो माणसं राहतात आणि प्रत्येक मजल्यावर संडास असतात. त्यात पाणी पडलं नाही तर घाण नळीतच बसते, खालची गटारं सुकून तुंबतात, आणि काही दिवसांत रोगराईची वेळ येते. ज्या शहरावर रोज रात्री काहीतरी पेटवणारं पडतं आहे, तिथल्या आग विझवायच्या नळांत पाणी नाही. शिवाय तिथली घरं तापवतात तीही पाण्यानेच. मोठ्या बॉयलरमध्ये तापवलेलं पाणी वाहिन्यांतून घरोघरी फिरतं. हिवाळ्यात तापमान शून्याखाली जातं आणि ते फिरणं थांबलं, तर म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं अंथरुणातच गारठतील. रिकाम्या वाहिनीचा आणखी एक धोका असतो. आतला दाब गेला की बारीक भेगांतून आजूबाजूच्या मातीतलं घाण पाणी आत ओढलं जातं.

शहर साधारण महिनाभर असं कोरडं राहिलं. पाणी आणि मलनिस्सारण पाहणाऱ्या शहराच्या मालकीच्या कंपनीला तिकडे 'वोदोकनाल' म्हणतात. त्या वोदोकनालच्या हाताशी आता एकच पाणी उरलं होतं. दारातल्या बूगचं, मचूळ.

ते वाहिन्यांत सोडलं तर काय होणार, हे पाणीपुरवठ्यातल्या माणसाला विचारावं लागत नाही. खाऱ्या पाण्यातले क्षार लोखंडावरचा संरक्षक थर फोडतात. मग एकेका जागी खोल खड्डा पडतो, आणि एक दिवस वाहिनी तिथे फुटते. सांधे जातात, पंप जातात, व्हॉल्व्ह गंजून बसतात. शेकडो किलोमीटरचं जाळं, पिढ्यांनी पैसा पैसा घालून जमिनीखाली पुरलेलं, आतून खाऊन टाकणारं हे पाणी होतं.

मे महिन्यात त्यांनी ते सोडलं.

मी या निर्णयापाशी कितीतरी वेळा थांबले आहे. दुष्काळात पेरणीचं बियाणं दळून खाण्याची वेळ येते, तसा हा निर्णय आहे. बियाणं दळणारा कुणबी मूर्ख नसतो. पुढच्या मृगात हात रिकामे असतील हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि तरी तो जात्यावर बसतो, कारण पोरं आज उपाशी आहेत. कुणी त्याला शहाणा म्हणेल, कुणी म्हणेल की त्याने घराचं नुकसान केलं. आपण त्याच्या जागी नसतो, हे मात्र दोघांनीही लक्षात ठेवायला हवं.

यावरचे आक्षेप मला खरे वाटतात. घरोघरी पिवळसर, खारट पाणी आलं. त्याने आंघोळ केली की कातडी चरचरायची. धुण्याची यंत्रं बिघडली. रस्त्यारस्त्यांत गळती वाढू लागली, कारण आधीच ठाऊक होतं तेच घडत होतं. एक खड्डा बुजवून पथक पुढे जात नाही तोच मागचा सांधा पुन्हा पाझरायला लागायचा. आणि ही खारी धार काही आठवड्यांची तात्पुरती सोय राहिली नाही. ११ नोव्हेंबर २०२२ ला खेरसोन मुक्त झालं, मिकोलाइवच्या वेशीवरच्या तोफा मागे हटल्या, तरी नळाला खारंच पाणी येत राहिलं. तीन वर्षांहून अधिक काळ. ज्यांनी त्या मे महिन्यात निर्णय घेतला, त्यांना हा आकडा आधी कुणी सांगितला असता तर त्यांनी काय केलं असतं, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

तरीही मला वाटतं, त्यांनी बरोबर केलं. कुठल्याही संस्थेपुढे संकटात एक मोह उभा राहतो. आधी आपली मालमत्ता जपू, आपले आकडे जपू, आपलं नाव जपू. लोकांचं नंतर पाहू. हा मोह वाईट माणसांनाच होतो असं नाही. संस्थेवर जीव असणाऱ्यालाही तो होतो, किंबहुना त्यालाच जास्त होतो. मिकोलाइवच्या त्या कंपनीजवळ जपण्यासारखं जे होतं ते म्हणजे तिच्या वाहिन्या. तेच तिचं शरीर. ते रिकामं ठेवून शाबूत राखता आलं असतं, आणि युद्ध संपल्यावर अभिमानाने दाखवता आलं असतं. पण पाणी नसलेली जलवाहिनी कुणासाठी जपायची, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते असल्याचं ढोंगही त्यांनी केलं नाही.

याहून जास्त मला भिडते ती दुसरी गोष्ट. त्यांनी पाणी सोडलं आणि सोबत स्पष्ट सांगितलं: हे पिऊ नका. हे फक्त संडासात ओतायला, फरशी पुसायला. शहरभर खारं पाणी गाळणारी यंत्रं बसवली गेली. दाबाखाली पाणी सूक्ष्म पडद्यातून ढकललं की मीठ मागे राहतं आणि गोडं पाणी पुढे येतं. अशा नळांपाशी लोक पाच-सहा लिटरची प्लास्टिकची बाटली घेऊन रांगेत उभे राहू लागले. तिकडच्या बोलीत त्या बाटलीला 'बाक्लाझ्का' म्हणतात. आपल्याकडे कळशी आणि कॅन जसे बायकांच्या हातांच्या मापाचे झाले आहेत, तशी ती बाटली त्या शहराच्या हातांची झाली.

खरं सांगून वाईट पाणी देणं किती अवघड असतं, हे मला थोडं ठाऊक आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहत होते. पावसाळ्यात नळाला किंचित गढूळ पाणी यायला लागलं. दोन आठवड्यांत गल्लीत कावीळ पसरली. शेजारच्या खोलीतली शाळकरी मुलगी अकरा दिवस दवाखान्यात होती. नंतर कळलं की गटाराजवळ वाहिनी फुटल्याचं पाणी सोडणाऱ्या माणसाने पहिल्याच आठवड्यात वर कळवलं होतं. वरून उत्तर आलं होतं, "सांगू नका, लोक घाबरतील." तिथे युद्ध नव्हतं. आकाशातून काही पडत नव्हतं. एका रिक्षावर भोंगा लावून "पाणी उकळून प्या" एवढं सांगायला दोनशे रुपये पुरले असते.

लोक घाबरतील, ही काळजी बहुतेक वेळा लोकांची नसते. मिकोलाइवचे लोक तर आधीच घाबरलेले होते. रात्री तळघरात झोपत होते. त्यांना कुणी सांगितलं की हे पाणी खारं आहे, पिऊ नका, तर त्यांची भीती वाढली नाही. निदान नळाबद्दल तरी काय धरून चालायचं हे त्यांना कळलं. जिथे दुसऱ्या दिवशी घर उभं असेल का हे माहीत नसतं, तिथे एवढी एक खात्रीची गोष्ट माणसाला पाय टेकायला जागा देते.

जगाने या गोष्टींसाठी कायदाही लिहून ठेवला आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधलं ५४ वं कलम म्हणतं की सामान्य लोकांच्या जगण्याला अत्यावश्यक असलेल्या वस्तूंवर हल्ला करू नये, आणि त्यात पिण्याच्या पाण्याची व्यवस्था नाव घेऊन सांगितली आहे. ६१ व्या कलमात नागरी संरक्षणाची जी कामं मोजली आहेत, त्यात अत्यावश्यक सार्वजनिक सेवांची तातडीची दुरुस्ती येते. म्हणजे खड्ड्यात उतरून व्हॉल्व्ह बसवणाऱ्या माणसाचं काम डॉक्टरच्या आणि बंबवाल्याच्या कामाशेजारी मांडलं आहे. मला ही ओळ फार मोलाची वाटते. आणि आपल्या देशाने या प्रोटोकॉलला अजून मान्यता दिलेली नाही, याचं मला वाईट वाटतं. सीमेलगतच्या आपल्या गावांतही पाण्याच्या टाक्या आहेत, पंपघरं आहेत, त्यांच्यावर राबणारी माणसं आहेत.

कागदावरचा कायदा मिकोलाइवमध्ये किती उपयोगी पडला, हे वाहिनीकडे पाहिलं की कळतं. पण दुरुस्तीची पथकं कायद्याची वाट पाहत बसली नाहीत. भोंगा वाजला की खड्ड्यातून वर यायचं, आडोशाला जायचं, थांबला की पुन्हा उतरायचं. युक्रेनमध्ये वीज, पाणी, गॅस पाहणाऱ्या कामगारांपैकी कितीतरी जण दुरुस्ती करताना किंवा कामाच्या जागीच मारले गेले. त्यांच्या अंगावर गणवेश असतो, पण सैनिकाचा नाही. बातमीत त्यांची छायाचित्रं क्वचित येतात, कारण जोडलेला पाइप छायाचित्रात काही सांगत नाही. वाचणाऱ्याने मुद्दाम थांबून पाहिलं तरच त्या चिखलात गुडघ्यापर्यंत उभा असलेला माणूस दिसतो.

त्या वर्षांतल्या तिथल्या एखाद्या घराची मी कल्पना करते, तेव्हा मला ओट्यावरची आणि मोरीतली मांडणी दिसते. ओट्यावर रांगेतून आणलेल्या बाटल्या, गोड्या पाण्याच्या, चहाला आणि डाळीसुपाला, बाळाच्या दुधाला. मोरीत बादली, नळाच्या खाऱ्या पाण्याची. मुलांना आधी चुकून चव लागली असेल, मग सवय झाली असेल. कुठल्या भांड्यात हात घालायचा हे त्यांना पुढे सांगावं लागत नसेल. रात्री भोंगा वाजतो, आई मुलांना उठवते, आणि जिन्याकडे पळण्याआधी कुणीतरी सवयीने बादली नळाखाली सरकवून तोटी उघडते. धार पिवळट असते, खारट असते. पण ती येते.