पिठ्याचे घर

माझा पुतण्या इंग्लंडमधल्या एका खेड्यात ज्या घरात राहतो, तो पूर्वी गावचा पिठा होता. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे महिनाभर राहिलो. आमच्या घराण्यात दारूला कुणी शिवलेले नाही. तेव्हा पिठ्याच्या जागी संसार थाटला गेला, हे मला प्रथम पुण्यकर्मच वाटले!

पण घर काही केल्या संसारी होईना. दर्शनी भिंतीला दोन दारे: एक गिऱ्हाइकांचे, एक घरच्यांचे. आतल्या भिंतीत पेले सरकवण्यापुरती खिडकी. चार पायऱ्या उतरून तळघर. तिथे पिपे ठेवण्याचा दगडी ओटा आणि ऐन जूनमध्येही अंगावर शहारा आणणारा गारवा. पुढच्या खोलीतली शेकोटी एवढी थोरली, की तिच्यापुढे आम्ही तिघे बसलो म्हणजे उगाच ओशाळल्यासारखे होई.

खरे पाहता असला पिठा मुळात घरच असे. 1830 च्या कायद्याने कर भरणाऱ्या कुणालाही दोन गिनी देऊन राहत्या घरात बिअर विकण्याची मुभा मिळाली. लोक जिन सोडून बिअरकडे वळतील, ही सरकारची आशा! दंडाधिकाऱ्यांचा वचक परत बसला तो 1869 मध्ये. त्याच्याही कितीतरी आधी, हॉप्स घालण्याची रीत रुजली नव्हती तेव्हा, एल फार दिवस टिकत नसे. बायका ती घरीच करीत आणि ताजी झाली की दारावर काठी लावून वर्दी देत.

मला खटकले ते दाराबाहेरचे बाकडे. रोज संध्याकाळी गावातला एक म्हातारा तिथे येऊन बसे. पुतण्या म्हणाला, "काका, हे काढून टाकावे म्हणतो. घर आता आपले आहे."

कायदा त्याच्याच बाजूचा होता. 2011 च्या कायद्याने तिकडे गावकऱ्यांना असा पिठा समाजाची ठेव म्हणून नोंदवता येतो. मग तो विक्रीला निघाला, तर खरेदीची जुळवाजुळव करायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. या घरासाठी कुणी अर्ज केला नव्हता. पण ज्या दाराने पिढ्यान्‌पिढ्या गावाला आत घेतले, त्याचे देणे एका खरेदीखताने फिटते का? उलट, त्या खोलीत आठवड्याची मजुरी उडत असताना घरी वाट पाहत बसलेल्या बायकांसाठी कुणी बाकडे मांडले होते? हे मनात आले आणि माझी कणव निम्मी ओसरली. निम्मी राहिली. म्हातारा काही बिअर मागत नव्हता.

"मी असेपर्यंत तरी राहू दे," एवढेच मी म्हणालो.

त्या संध्याकाळी सूनबाईने चहा केला आणि त्या आतल्या खिडकीतून एकेक कप पुढच्या खोलीत सरकवला. मी मोजले, चार होते.