क्षेमाची मर्यादा

मिळालेल्या वस्तूच्या रक्षणाविषयी भारतीय तत्त्वचिंतनात परस्परविरोधी भासणाऱ्या दोन भूमिका आढळतात. गीतेच्या नवव्या अध्यायातील 22व्या श्लोकात अनन्य भक्ताच्या योगक्षेमाचा भार भगवंताने स्वतःकडे घेतला आहे. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार न लाभलेले लाभणे हा योग आणि लाभलेले सांभाळणे हे क्षेम, म्हणजे सांभाळणे हे प्रत्यक्ष ईश्वरानेही पत्करलेले काम ठरते. उलट योगसूत्रांवरील व्यासभाष्यात अपरिग्रहाचे, म्हणजे भोग्य विषय न स्वीकारण्याच्या व्रताचे, विवेचन करताना विषयांचे जे पाच दोष सांगितले आहेत, त्यांत अर्जन, क्षय, आसक्ती व हिंसा यांच्या जोडीला रक्षणही आहे. मराठवाड्यातील लोहा किंवा अहमदपूर येथील एखादे कुटुंब टीव्ही व होम थिएटरसाठी पॉवर कंडिशनर निवडू लागते, तेव्हा या दोहोंपैकी कोणती भूमिका त्याला लागू पडते, हे ठरवण्यासाठी आधी त्या यंत्राचे काम पाहावे लागते.

पॉवर कंडिशनर म्हणजे येणारी वीज उपकरणाला मानवेल अशी करून देणारे साधन. त्यात व्होल्टेज कमी-जास्त करणारा स्टॅबिलायझर, क्षणिक उसळी शोषणारा सर्ज प्रोटेक्टर आणि विजेतील खरखर गाळणारा फिल्टर यांपैकी काही किंवा सर्व घटक असतात. घरगुती वीज 230 व्होल्टची मानली जाते, पण रब्बीत शेतीपंप सुरू झाले की नांदेड-लातूरच्या गावांत दिवे डिम होतात. मात्र आजच्या बहुतेक एलईडी टीव्हींचा अंतर्गत वीजपुरवठा 100 ते 240 व्होल्टपर्यंत चालत असल्याने कमी व्होल्टेजची भीती त्यांच्या बाबतीत बरीचशी अनाठायी आहे. खरा घात होतो तो डीपीवरची, म्हणजे गावातील रोहित्रावरची, न्यूट्रल तार तुटल्यावर, कारण तेव्हा घरातील व्होल्टेज 400च्या जवळ जाऊ शकते. सर्ज प्रोटेक्टरमधील व्हॅरिस्टर क्षणभराची उसळी गिळतो, पण टिकून राहिलेल्या जादा दाबाखाली स्वतःच जळतो, म्हणून अशा ठिकाणी जादा व्होल्टेज येताच पुरवठा तोडणारा कट-ऑफ अधिक मोलाचा ठरतो.

स्टॅबिलायझरविषयी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, आणि नैतिक दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पडलेले व्होल्टेज उचलून देताना तो लाइनमधून अधिक करंट ओढतो, त्यामुळे त्याच डीपीवरील शेजाऱ्याचे व्होल्टेज आणखी उतरते. पंपांना बसवलेल्या ऑटो स्विचचेही तसेच आहे: लाइट येताच सगळे पंप एकदम सुरू होतात, रोहित्रावर ताण येतो आणि ते जळाले तर सारी वस्ती अंधारात बसते, म्हणूनच ऑटो स्विच काढून पंपाला कपॅसिटर बसवावा, असे आवाहन महावितरण करत असते. व्यासभाष्यातील यादीत रक्षण आणि हिंसा एकत्र का आहेत, हे येथे दिसते. रक्षण मुळातच सदोष नाही. त्याचा भार दुसऱ्यावर पडतो तेव्हा ते सदोष होते. गीता ज्याला लोकसंग्रह, म्हणजे समाजाची धारणा, म्हणते त्याच्या कसोटीला कपॅसिटर उतरतो, कारण त्याने पंपधारकाचे आणि शेजाऱ्याचे क्षेम एकाच वेळी साधते.

सर्ज प्रोटेक्टर उसळीचा मोठा भाग अर्थिंगवाटे जमिनीकडे वळवतो, म्हणून अर्थिंग नीट नसेल तर महागडा कंडिशनरही निम्माच उपयोगी पडतो. मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पुरलेली पट्टी आणि माती यांचा संपर्क सैल होतो. मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते ते त्यामुळेच. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे टीव्हीच्या रक्षणासाठी जमिनीत पाणी ओतणे कोणत्या हिशेबात बसवायचे, हा प्रश्न व्यासांच्या यादीइतकाच गंभीर आहे, आणि अशा वर्षी भांडी घासलेले किंवा कपडे धुतलेले पाणीच त्या खड्ड्यात जावे, हे त्याचे न्याय्य उत्तर दिसते.

मृगापूर्वीच्या वळवात जवळ पडणाऱ्या विजेपुढे यांपैकी कोणतेच यंत्र खात्रीने टिकत नाही. तेथे ढग गडगडू लागण्यापूर्वीच प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवणे हाच उपाय उरतो. त्याला पैसा लागत नाही, शेजाऱ्याचा वाटा घ्यावा लागत नाही, फक्त चालू असलेला कार्यक्रम अर्धवट सोडावा लागतो, आणि एवढ्या एका कृतीपुरते क्षेम व अपरिग्रह यांत कोणताही विरोध राहत नाही.