विलंबितातलं वजन

घोरावाडी स्टेशनवर एक्सप्रेस थांबत नाही. फलाट हादरवून ती निघून जाते आणि आपण पुन्हा लोणावळा लोकलची वाट पाहत बसतो. बेंगळुरूच्या ‘बेवर सी’ या डूम मेटल बँडचा २०१२ चा पहिला अल्बम मी नीट ऐकला तो याच बाकावर. घरी तो रेंगाळल्यासारखा वाटला होता. इथे वाट पाहायचीच होती, तेव्हा कान त्याच्या लयीला लागला.

गिटारचा जाड, खरखरीत सूर छेडायचा आणि तो पुरता अंगात भिनेपर्यंत पुढच्याला हात लावायचा नाही. डूम मेटलची ही रीत ब्लॅक सॅबथ या बँडची. त्यांचा गिटारवादक टोनी आयॉमी १७ वर्षांचा असताना बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममध्ये बऱ्याच गाण्यांसाठी त्या दीड स्वर खाली उतरवल्या. सत्तरच्या दशकातला तो भारदस्त आवाज एका कामगाराच्या दुखऱ्या हातातून आला आहे.

चाळीस वर्षांनी तोच आवाज काढणं म्हणजे नक्कल, असं म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. भीमसेनांच्या विलंबित ख्यालात सवाई गंधर्व आणि त्यांच्यामागे अब्दुल करीम खाँ ऐकू आले, तर आपण त्याला जुनाट म्हणतो का? घराणं म्हणतो. इथे गुरू समोर बसलेला नाही, तालीम तबकड्यांकडून मिळाली, एवढाच फरक. आणि तो लहान नाही, हेही कबूल. पण कान त्याच निष्ठेनं घडला आहे.

सॅबथच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं सुरू होतं ते षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम एवढ्यावर. युरोपात षड्ज ते तीव्र मध्यम या अंतराला सैतानाचं नाव चिकटलं. आपल्याकडे तीव्र मध्यम रोज संध्याकाळी भेटतो. सॅबथ पंचमाकडे न जाता त्यावरच लोंबकळत राहतात, तेव्हा मला मारव्याची हुरहुर आठवते.

‘बेवर सी’ हे नाव ‘बेवर्सी’ या कन्नड शिवीवर बेतलेलं. आपला ‘बेवारशी’ तोच. असं नाव घेऊन ही मंडळी वारसा चालवतात, याचं मला फार अप्रूप आहे.

घोरावाडीपासून पाचवं स्टेशन मळवली. ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ आला त्याच वर्षी, १९७१ मध्ये, तिथे ‘स्नेहयात्रा’ हा रॉक महोत्सव भरला होता. त्याला भारताचं वुडस्टॉक म्हणतात. मावळच्या गोष्टी सांगताना आपण लेणी सांगतो, किल्ले सांगतो, हे सांगत नाही. लोकल मळवलीला थांबते. पाठीवर सॅक घेतलेली पोरं उतरतात आणि भाजे लेण्यांच्या वाटेला लागतात.