रांगेतल्या माणसांचे काय?

दुसऱ्या महायुद्धात लिथुआनियातील कौनास येथून हजारो ज्यू निर्वासितांना व्हिसा देणारे जपानी उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांच्यावर २०१५ साली ‘पर्सोना नॉन ग्राटा’ हा चित्रपट निघाला. सेलिन ग्लक हे त्याचे दिग्दर्शक. सुगिहारांची भूमिका तोशिआकी कारासावा यांनी केली, तर अनेक युरोपीय भूमिका पोलिश नटांनी. कोणाची भूमिका कोणी करावी, हा वाद हल्ली फार चालतो. त्या हिशेबाने इथे तक्रारीला जागा कमीच.

तरीही एक गोष्ट मला खटकते. यातली युरोपीय माणसे बहुतांशी इंग्रजी बोलतात. १९४० च्या कौनासमध्ये लिथुआनियन, यिडिश, पोलिश, रशियन कानांवर पडत. सुगिहारा स्वतः रशियनचे उत्तम जाणकार. कचेरीत अर्ज करायची भाषा एक आणि आजारी लेकराला थोपटायची दुसरी, हे आपल्यासारख्या द्वैभाषिक मुलखातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. भाषा काढून घेतली की माणसाचा चेहरा उरतो, आवाज जातो.

पण नट आपला, भाषाही आपली, एवढ्याने प्रतिनिधित्व पुरे होते का? मला वाटते, नाही. कथेत निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला दिला आहे, हे पाहावे लागते. अशा नाटकांत, चित्रपटांत दूत विचार करतो, तळमळतो, ठरवतो. फाटकाबाहेरची माणसे मात्र नुसती हात जोडून उभी असतात.

इतिहास तसा नाही. जपानचा व्हिसा केवळ मार्गस्थ प्रवाशाचा होता. त्यासाठी पुढचा मुक्काम दाखवावा लागे. तो मुक्काम शोधला निर्वासितांनीच. मूळच्या डच असलेल्या पेस्ला लेविन या बाईंनी डच राजदूताकडे पाठपुरावा केला आणि कॅरिबियन समुद्रातील कुरासाव या डच बेटावर उतरण्यास व्हिसा लागत नाही, असा शेरा मिळवला. तिथल्या गव्हर्नरची परवानगी लागते, हे वाक्य त्यातून वगळले होते. पुढे कौनासमधील डच वाणिज्यदूत यान झ्वार्टेंडाइक यांनी तोच शेरा दोन हजारांहून अधिक लोकांना लिहून दिला. वॉर्साचे वकील झोराख वारहाफ्टिग हे निर्वासितांच्या वतीने सुगिहारांशी बोलले. हेच वारहाफ्टिग पुढे १९४८ साली इस्रायलच्या स्वातंत्र्यघोषणेवर सही करणाऱ्यांत होते.

कोणी म्हणेल, याने सुगिहारांचे मोठेपण कमी होते. मला तसे वाटत नाही. त्यांच्या यादीत २१४० नावे आहेत. वरिष्ठांची अनुज्ञा नसताना त्यातल्या बहुतेकांसाठी लेखणी उचलण्याचे धैर्य त्यांचेच. पण दार ठोठावणाऱ्याने रस्ता शोधून आणला होता आणि दार उघडणाऱ्याने तो ओळखला. पुण्य दोघांच्या पदरी पडते.

उपकारकर्त्याची मूर्ती उंच करताना उपकृताला याचक करून ठेवणे, हा कृतज्ञतेच्या आडून होणारा अन्याय आहे. आज ज्यांच्या हाती शिक्के आहेत, त्यांनाही तो सोयीचा वाटतो. मदत ही आपली मर्जी, समोरच्याला ना बुद्धी ना हक्क, असे मग मानता येते. म्हणून अशी कथा पाहताना मी नायकाकडे पाहतोच, पण रांगेतला एखादा तरी माणूस त्याला काही सुचवतो का, वाद घालतो का, नाही म्हणतो का, हेही शोधतो. तो सापडला नाही तर नटांची निवड कितीही चोख असो, ती माणसे त्या कथेत आलेलीच नसतात.