कारागिराचा हात

वस्तूची पवित्रता तिच्या द्रव्यात असते की तिच्यावर झालेल्या कर्मात, हा प्रश्न आपल्याकडे ग्रंथांपेक्षा देवघरात आणि स्वयंपाकघरात अधिक वेळा विचारला गेला आहे, आणि त्याचा निवाडाही बहुधा तेथेच, घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या एका शब्दाने होत आला आहे. सुती लुगडे धुऊन, कोणाचा स्पर्श होणार नाही अशा बेताने उंच वलनीवर काठीने वाळत घातले तरच ते सोवळे. रेशमी मुकटा किंवा पीतांबर रोज न धुताही चालावयाचा. आणि लोकरीच्या धाबळीला तर सोवळ्याच्या दप्तरात जणू कायमची सनदच मिळालेली. या प्रतवारीप्रमाणे पाहिले तर बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरात, पौषाच्या पहाटे पैनगंगेकडून बोचरा वारा येत असताना, पूजेला बसणाऱ्या वृद्धेने लुगड्यावर जुना लोकरी कार्डिगन चढवावा की नाही, याचे उत्तर सोपे असावयास हवे. अडचण एवढीच की तो कार्डिगन निर्भेळ लोकरीचा नसतो. त्यात कृत्रिम धाग्याची भेसळ असते. आणि मेंढीच्या लोकरीला मिळालेली सनद रसायनाच्या कारखान्यात जन्मलेल्या धाग्यालाही लागू आहे काय, असा वाद कोणी उपस्थित केला तर तो केवळ हसण्यावारी नेता येत नाही.

निवाड्यापूर्वी मुद्देमाल नीट पाहिला पाहिजे. ॲक्रिलिकचा धागा १९५०च्या सुमारास अमेरिकेत 'ऑरलॉन' या नावाने बाजारात आला आणि पुढे लोकरीत मिसळला जाऊ लागला. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, गरम पाण्यात चोळली असता ते एकमेकांत अडकतात आणि वस्त्र आटते; मिश्रणाने हा दोष पुष्कळसा कमी होतो व किंमतही उतरते. परंतु जुन्या कार्डिगनचे कसब धाग्यात शोधू नये, विणीत शोधावे. खालच्या कडेला आणि मनगटाशी एक सुलट, एक उलट अशी पट्टी असते, म्हणून ती ताणली तरी पुन्हा मूळ मापावर येते. बटणपट्टीच्या आतून एक फीत शिवलेली असते, कारण विणीतले काज नुसतेच ठेवले तर दोन हिवाळ्यांत सैल पडावयाचे. आणि बगलेपाशी, जेथे बाही अंगाला मिळते, तेथे तिरप्या रांगेत बारीक खुणा दिसतात: ठरावीक ओळींनंतर दोन टाके एकत्र विणून रुंदी कमी केल्याच्या त्या खुणा. शिंपी आकार कात्रीने काढतो, आणि त्यासाठी त्याला काही कापड गमवावे लागते. येथे आकार टाक्यांच्या हिशेबातूनच उतरला आहे, आणि एक चिंधीही वाया गेलेली नाही.

सुयांच्या विणीचा आणखी एक धर्म असा की तीत ताणा-बाणा नसतो. एकच धागा स्वतःच्याच फासांतून पुढे जात राहतो, आणि शेवटची गाठ सोडून तो ओढला असता बाहीची बाही उसवून पुन्हा गुंडा होतो. आपल्या दर्शनकारांनी कार्य आणि कारण यांचा वाद घालताना पट आणि तंतू यांचाच दृष्टान्त पुनःपुन्हा घेतला आहे. तंतूंपासून पट हे नवेच द्रव्य उत्पन्न होते आणि ते तंतूंत समवायाने राहते, असे न्याय-वैशेषिकांचे म्हणणे. कार्य कारणाहून भिन्न नाही, गुंडाळलेला पट आणि पसरलेला पट जसा एकच, असे शांकरभाष्याचे प्रतिपादन. आणि पट हे तंतूंच्या समुदायाला व्यवहाराकरिता दिलेले नुसते नाव, ही बौद्धांची कैफियत. त्यांच्यासमोर मागावरचे कापड होते. उसवून पुन्हा विणता येणारे वस्त्र समोर असते तर वाद अधिकच रंगला असता. कारण येथे विणण्यापूर्वी आणि उसवल्यानंतर तराजूत तेच वजन भरते, द्रव्याचा कणही वाढत वा घटत नाही, तरी गुंडा कोणाच्या अंगाला ऊब देत नाही आणि कार्डिगन देतो. मधल्या काळात जे आले ते रचना आणि श्रम. म्हणून या वस्त्राच्या पवित्रतेचा विचार केवळ द्रव्यावर थांबवणे म्हणजे अर्धीच साक्ष नोंदवून फैसला लिहिणे होय.

द्रव्यालाच प्रमाण मानणारी परंपरा जगात नाही असे नाही. यहुदी धर्मशास्त्रात लोकर आणि जवसाचे सूत एकत्र करून केलेले वस्त्र निषिद्ध आहे, आणि कोकणातील बेने इस्रायल समाज ज्या तोराला मानतो त्या ग्रंथातच तो निषेध आहे. तेथे कारण दिलेले नाही. आज्ञा आहे, आणि आज्ञा म्हणून ती पाळणाऱ्याच्या निष्ठेचा आदरच केला पाहिजे. आपल्या धर्मशास्त्राने मात्र आज्ञेबरोबर उपायही सांगितला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. त्यात रेशीम व लोकर खाऱ्या मातीने आणि कांबळी रिठ्याने शुद्ध होतात असे म्हटले आहे. आजही जुना कार्डिगन जपणारी गृहिणी कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करते, न पिळता तो नुसता दाबून काढते आणि सावलीत खाटेवर पसरते. त्याच प्रकरणात थोड्या श्लोकांनंतर आणखी एक निर्णय येतो, आणि प्रस्तुत मामल्यात तोच कळीचा आहे: कारागिराचा हात सदैव शुद्धच असतो.

हे वचन मेहकराइतके दुसऱ्या गावाला क्वचितच लागू पडेल. अकबराच्या अमलापासून वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे हे ठाणे, आणि विणकरांची नामांकित पेठ. येथल्या मोमीन विणकरांच्या संपन्नतेची व त्यांनी गावाच्या तटबंदीला लावलेल्या हातभाराची हकीकत जुन्या गॅझेटियरात आहे. पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३चा दुष्काळ यांनी ती पेठ खचवली. त्या मुसलमान विणकरांच्या मागावरचे धोतर नेसून कित्येकांनी संध्या केली असेल, आणि ज्या गावात १८८८ साली शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती भूमीतून वर आली, त्या गावात धोतर कोणी विणले हे देवाने विचारल्याचे ऐकिवात नाही.

यावर आक्षेप असा येईल की ही व्यवहाराची सोय आहे, तत्त्व नव्हे. विणणाऱ्याची जात पाहत बसले तर घरात वस्त्रच यावयाचे नाही, म्हणून शास्त्रकाराने तडजोड केली. आक्षेप मला मान्य आहे, आणि तो परंपरेवरच उलटतो. आपण हात शुद्ध ठरवला आणि हाताचा धनी बाहेर ठेवला. याच बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा हे ज्यांचे जन्मस्थान परंपरेने मानले जाते, ते संत चोखामेळा गावकुसाच्या कामावर राबताना १३३८ साली मंगळवेढ्यास कोसळलेल्या भिंतीखाली गेले. भिंतीला त्यांचे हात चालत होते. पंढरपूरच्या गाभाऱ्याला ते चालत नव्हते. ज्या मनुस्मृतीत कारागिराच्या हाताचा तो निर्णय आहे, तिचेच १९२७ साली महाडला दहन करावे लागले, याचे कारण या अर्धवट अंमलबजावणीत आणि तिला आधार देणाऱ्या त्याच ग्रंथातील इतर कलमांत आहे.

तेव्हा माझा निवाडा असा. पूजेला बसणाऱ्या वृद्धेने मिश्र लोकरीचा कार्डिगन निःशंक घालावा. लोकर किती आणि ॲक्रिलिक किती, हा हिशेब दुकानदाराचा आहे, देवाचा नव्हे. टाका टाक्यात नीट बसवणाऱ्या हाताने त्या धाग्याची शुद्धी केव्हाच केलेली आहे. परंतु हा निकाल अर्धा घेता येणार नाही. ज्या घरात धोतर, घोंगडी आणि कार्डिगन देवघरापर्यंत जातात, त्या घराने विणणाऱ्यालाही उंबऱ्याच्या आत बोलवावे, पाटावर बसवावे आणि आपल्याच पंक्तीला जेवू घालावे.